दमडी मशिदीचा पत्ता

‘जिओकॅशिंग’ हा शब्द आपल्यापैकी पुष्कळांना नवा वाटेल. हा एक शोधाचा खेळ आहे. एकाने कोठेतरी डबी लपवावयाची, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करावयाचे आणि इतरांनी ती हुडकून आतील वहीत आपले नाव लिहावयाचे. उपग्रहांच्या संकेतांत अमेरिकन सरकार मुद्दाम चूक ठेवीत असे. ती मे २००० च्या आरंभी काढली गेली आणि ३ मे रोजी डेव्ह उल्मर या गृहस्थाने ओरेगॉन राज्यात पहिली बादली लपविली.

नगरच्या भुईकोट किल्ल्याभोवती हा खेळ खेळता येईल काय? तोफांपुढे शत्रूला आडोसा मिळू नये म्हणून अशा किल्ल्यांभोवती जागा मोकळी राखीत. परंतु आपला किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. तेथे झुडपात बेवारस डबी ठेवली, तर वहीत नाव लिहिण्याऐवजी चौकीत जबाब लिहावा लागेल! सुदैवाने खेळाचा एक प्रकार डबीवाचूनही चालतो. जागेवर जाऊन एखाद्या प्रश्नाचे उत्तर तेवढे आणावयाचे.

माझा पहिला प्रश्न किल्ल्याजवळच्या दमडी मशिदीविषयी होता : ही कोणी बांधली? पुस्तकातले उत्तर सोपे आहे : सरदार साहिरखान, इ. स. १५६७. लोक मात्र सांगतात, की किल्ल्यावरील मजुरांनी मजुरीतून एकेक दमडी काढून ती उभारली.

मी नागापूरहून वडिलांना बरोबर नेले. एमआयडीसीत लागण्यापूर्वी ते बांधकामावर मजुरी करीत. दगडावरचे नक्षीकाम त्यांनी बराच वेळ हात लावून पाहिले. मी साहिरखानाचे नाव सांगताच म्हणाले, “नाव खानाचं आसंल गं, पर दमड्या कुणाच्या?”

हुसेन निजामशहाने किल्ल्याचे दगडी काम १५५९ ते १५६२ या काळात करविले. मशीद त्यानंतर पाचच वर्षांनी झाली. म्हणजे काळाच्या दृष्टीने दंतकथा अशक्य नाही. सिद्ध मात्र मुळीच होत नाही. लोकांनी ठेवलेली नावे फसवितातही. आपला ‘चांदबिबीचा महाल’ वस्तुतः सलाबतखानाची कबर आहे. तरीही एका सरदाराच्या इमारतीला मजुराच्या नाण्याचे नाव चिकटून राहावे, हे मला नोंदविण्यासारखे वाटले.

प्रश्नाच्या कागदावर आता मी दोन रकाने आखले आहेत : ‘बांधविणारा’ आणि ‘बांधणारे’. दुसरा रकाना वडिलांच्या सांगण्यावरून थोडा रुंद ठेवला आहे.