लहानग्यांना स्पेसरमधून पंप कसा द्यायचा

डॉक्टरांनी तुमच्या दोन-तीन वर्षांच्या बाळाला पंप, स्पेसर आणि मास्क लिहून दिलाय ना? मग तिन्ही टेबलावर मांडा, जमणार आहे तुम्हाला. पहिल्या चार पायऱ्या बिनऔषधाच्या, नुसत्या खेळाच्या. पण बाळाला आत्ता धाप लागली असेल तर खेळ राहू द्या, थेट पाचवीपासून सुरू करा.

१. मोकळा स्पेसर बाळाच्या हातात द्या. उलटासुलटा करू दे, मास्कमधून 'भॉक' करू दे. घाई केलीत तर पुढे रोज रडारड होईल.

२. बाहुलीला मास्क लावायला सांगा. डॉक्टर बाळच, तुम्ही फक्त मदतनीस.

३. मास्क बाळाच्या गालाला टेकवा. मान फिरवली तर लगेच बाजूला घ्या, संध्याकाळी पुन्हा बघू.

४. मास्क नाकातोंडावर धरून आवडतं गाणं म्हणा. गाणं संपेपर्यंत बाळ शांत राहिलं की सराव पक्का झाला.

आता औषध.

५. बाळाला मांडीवर ताठ बसवा. आडवं झोपवून देऊ नका.

६. पंपाचं झाकण काढा. तोंडात कचरा अडकलेला नाही ना, तेही बघून घ्या.

७. पंप चार-पाच वेळा जोरात हलवा. पंप नवा असेल किंवा बरेच दिवस पडून असेल, तर सोबतच्या कागदावर सांगितलेत तेवढे फवारे आधी हवेत सोडा.

८. पंप स्पेसरच्या मागच्या भोकात बसवा. औषधाची डबी वरच्या बाजूला उभी हवी. तिरकी झाली तर मात्रा कमी येते.

९. मास्क नाक आणि तोंड दोन्ही झाकेल असा घट्ट टेकवा. सगळं यश इथेच आहे! हनुवटीखाली किंवा नाकाच्या बाजूला जराशी फट राहिली, तरी औषध बाळाच्या छातीऐवजी खोलीत जातं. बोट फिरवून कडा तपासा.

१०. डबी एकदाच दाबा. दोन फवारे एकदम मारू नका.

११. मास्क तसाच धरून पाच-सहा श्वास मोजा. स्पेसरची झडप हलते, तिच्याकडे बघून मोजलं की चुकत नाही. बाळ जोरात रडत असेल तर औषध आत फारसं पोचत नाही. म्हणून तर तो गाण्याचा सराव.

१२. मास्क बाजूला घ्या. आणि शाबासकी द्या, अगदी मनापासून.

१३. दुसरा फवारा सांगितला असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबा. मग सातव्या पायरीपासून पुन्हा. पंप काढून हलवायला विसरू नका, बहुतेकांचं इथेच चुकतं.

१४. रोजचा स्टेरॉइडचा पंप असेल तर बाळाला चूळ भरायला लावा. जमत नसेल तर पाणी पाजा, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येऊ शकते. मास्कखालचा चेहराही ओल्या फडक्याने पुसा.

महिन्यातून एकदा स्पेसर कोमट साबणपाण्यात बुडवून काढा आणि तसाच निथळत ठेवा. आतून फडक्याने पुसू नका. पुसल्याने प्लॅस्टिकला औषध चिकटून बसतं.

तातडीचा पंप देऊनही बरगड्या आत ओढल्या जात असतील, बाळाला बोलता-पिता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसले, तर वाट बघू नका. महाराष्ट्रात असाल तर १०८ ला फोन लावा, आणि मदत येईपर्यंत डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तातडीचा पंप देत राहा.