संघ खाली गेला तर चाहत्यांचे काय भले होते?

प्रश्न : माझा भाचा नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये असतो. तिथल्या एका फुटबॉल क्लबचा तो कट्टर चाहता आहे. (नाव लिहिले तर रागावेल, म्हणून लिहीत नाही.) हा क्लब यंदा गुणतक्त्यात तळाला आहे आणि प्रीमियर लीगमधून बाहेर पडण्याची भीती आहे. भाचा हवालदिल झाला असेल म्हणून फोन केला, तर म्हणाला, "मामा, गेलो खाली तर फार काही बिघडत नाही, त्याचे फायदेही आहेत." त्याच्या मित्रांचेही हेच म्हणणे. ज्याच्यावर प्रेम आहे तो संघ घसरावा असे कुणाला कसे वाटू शकते? की कोल्ह्याला द्राक्षे आंबट, त्यातला हा प्रकार आहे? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : आंबट द्राक्षांचा अंश त्यात थोडा आहे, पण भाच्याच्या बोलण्यात तथ्य बरेच आहे. आधी खाली जाणे म्हणजे नेमके काय होते ते पाहू, कारण आपल्याला सवय आयपीएलची. मुंबई इंडियन्स २०२२ आणि २०२४ या दोन्ही वर्षी शेवटच्या स्थानावर राहिले, आणि पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेत पुन्हा उतरले. इंग्लंडमध्ये तसे चालत नाही. प्रीमियर लीगमध्ये २० संघ असतात. प्रत्येकाचे ३८ सामने झाले की तळाचे तीन संघ चॅम्पियनशिप नावाच्या दुसऱ्या श्रेणीत जातात आणि तिथले तीन वर येतात. त्या खालीही श्रेणी आहेतच. मुंबईच्या कांगा लीगमध्ये खेळलेल्या मंडळींना ही उतरंड वेगळी समजावून सांगायला नको. क्लब बंद पडत नाही. मैदान तेच, जर्सी तीच, फक्त समोरचे प्रतिस्पर्धी बदलतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. अमेरिकेतल्या बास्केटबॉलमध्ये तळाच्या संघांना नवे खेळाडू निवडताना झुकते माप मिळते, त्यामुळे तिथले काही चाहते खरोखरच संघ हरावा अशी इच्छा धरतात. इंग्लिश फुटबॉलमध्ये हरण्याला कसलेही बक्षीस नाही. त्यामुळे शनिवारी मैदानावर गेलेला आपला भाचा संघ जिंकावा म्हणूनच घसा कोरडा करत असणार. हिशेब तो घरी आल्यावर मांडतो, तोही 'हरलो तर पुढे काय' एवढ्यापुरता.

त्या हिशेबातली पहिली रक्कम अगदी साधी आहे, ती म्हणजे विजय. न्यूकॅसल युनायटेडचे उदाहरण घ्या. २००८-०९ च्या हंगामात हा संघ ३८ पैकी फक्त ७ सामने जिंकला. घरच्या मैदानावर १९ सामने झाले, त्यातले जिंकले पाच. वर्षभराचे तिकीट आधीच काढून ठेवणाऱ्या माणसाने थंडीवाऱ्यात तिथे जाऊन बसायचे आणि ऑगस्ट ते मे या काळात पाचदा आनंदाने घरी परतायचे. शेवटच्या दिवशी अ‍ॅस्टन व्हिलाकडून १-० अशी हार पत्करून, आणि तीही स्वयंगोलवर, संघ खाली गेला. पुढच्या वर्षी चॅम्पियनशिपमध्ये त्याच मैदानावर २३ सामने झाले. त्यातले १८ जिंकले, पाच बरोबरीत सुटले, हरले एकही नाही. एकूण १०२ गुण मिळवून संघ पहिला आला. त्या वर्षी वयात आलेल्या एखाद्या मुलाला विचारा, त्याच्या आठवणीतला सुखाचा हंगाम तोच निघेल.

त्याच वर्षी अँडी कॅरोल हा न्यूकॅसलला लागून असलेल्या गेट्सहेडचा पोरगा पुढच्या फळीत पक्का झाला आणि त्याने लीगमध्ये १७ गोल केले. वरच्या श्रेणीत तगून राहण्याची धास्ती असली की मॅनेजर बाहेरून तयार, महागडा खेळाडू आणतो. खाली गेल्यावर आपल्या अकादमीतल्या मुलाला संधी देणे परवडते. जानेवारी २०११ मध्ये याच कॅरोलला लिव्हरपूलने साडेतीन कोटी पौंडांना विकत घेतले.

प्रवासाची गंमतही चाहते आवर्जून सांगतात. २०१६ मध्ये न्यूकॅसल पुन्हा खाली गेले, तेव्हा ५२ हजार आसनांच्या मैदानाची सवय असलेले त्यांचे समर्थक बर्टन अल्बियनच्या, सात हजारसुद्धा माणसे न मावणाऱ्या मैदानावर जाऊन उभे राहिले. अशा ठिकाणी खेळाडू हाताच्या अंतरावर असतो आणि त्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो. शनिवारी दुपारी ३ वाजता सामना हा जुना रिवाजही खालच्या श्रेणीत जास्त पाळला जाई. मात्र तिथेही आता टीव्हीच्या सोयीने वेळा हलू लागल्याने हा फायदा पूर्वीइतका उरलेला नाही.

दुसरा एक समज असा, की संघ खाली गेला की लोक पाठ फिरवतात. न्यूकॅसलच्या मैदानावर २०१६-१७ मध्ये, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत असताना, सरासरी ५१ हजारांवर प्रेक्षक होते. त्याआधीचा एक दिवस तर मुद्दाम सांगण्यासारखा आहे. १५ मे २०१६ ला हंगामाचा शेवटचा सामना टॉटनहॅमशी होता. न्यूकॅसल खाली जाणार हे आधीच ठरून गेले होते. अशा वेळी मैदान सुतकात असायला हवे. पण लोक सामनाभर मॅनेजर राफा बेनिटेझचे नाव गात राहिले, त्याने सोडून जाऊ नये म्हणून. संघ ५-१ असा जिंकला. बेनिटेझ थांबला.

आणि तो थांबला म्हणूनच पुढचे सारे घडले. भाच्याच्या हिशेबातली मोठी रक्कम हीच आहे, घराची साफसफाई. वर तगून राहण्याच्या धडपडीत क्लब वर्षानुवर्षे चुकीची खरेदी करत राहतात, फुगलेले पगार देत राहतात, आणि कुणी जाब विचारला तर 'आहोत ना अजून वरच्या लीगमध्ये' एवढे उत्तर पुरते. खाली गेल्यावर ते उत्तर उरत नाही. न्यूकॅसलने त्या उन्हाळ्यात सिसोको, वाइनाल्डम, टाउनसेंड असे महागडे खेळाडू विकले आणि दुसऱ्या श्रेणीत उपयोगी पडणारे घेतले. त्यांतल्या ड्वाइट गेलने लीगमध्ये २३ गोल केले. संघ ९४ गुणांसह पहिला येऊन वर्षभरात परतला.

पैशाचे काय? वरच्या लीगमधले टीव्हीचे उत्पन्न जाते, हा मोठाच फटका असतो. पण तो एका दमात बसत नाही. खाली गेलेल्या क्लबला 'पॅराशूट पेमेंट' मिळते. प्रीमियर लीगच्या प्रक्षेपणहक्कांतला जो भाग सर्व संघांत समान वाटला जातो, त्याच्या ५५ टक्के पहिल्या वर्षी, ४५ टक्के दुसऱ्या वर्षी आणि २० टक्के तिसऱ्या वर्षी. एकच हंगाम वर काढून खाली आलेल्याला तिसऱ्या वर्षीची रक्कम मिळत नाही. शिवाय 'संघ खाली गेला तर पगार इतका कमी होईल' अशी अट शहाणे क्लब खेळाडूंच्या करारात आधीच घालून ठेवतात.

हा हिशेब चुकला तर काय होते, ते न्यूकॅसलपासून जेमतेम २० किलोमीटरवर पाहायला मिळाले. सुंदरलँड हा न्यूकॅसलचा हाडवैरी. २०१६ मध्ये शेजारी बुडाले आणि हे वाचले म्हणून तिथे जल्लोष झाला. पुढच्याच वर्षी सुंदरलँड २४ गुणांसह तळाला राहून खाली गेले. 'आता साफसफाई होईल' ही आशा तिथल्या लोकांनीही धरली होती. पण मॅनेजर राजीनामा देऊन गेला, कर्जाचा डोंगर तसाच राहिला, चांगला गोलरक्षक एव्हर्टनला विकावा लागला, आणि गोल करणारा जर्मेन डेफो करारातल्या तरतुदीमुळे फुकट बोर्नमथला गेला. ज्यांचे पगार परवडत नव्हते त्यातले काही मात्र तिथेच राहिले. परिणाम असा, की २०१८ मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीतही तळाला राहिला आणि तिसऱ्या श्रेणीत गेला. लोकांनी तिथेही साथ सोडली नाही. २०१८ च्या नाताळानंतरच्या दिवशी ब्रॅडफर्डविरुद्धचा सामना बघायला ४६,०३९ माणसे आली होती, तीही तिसऱ्या श्रेणीत! पण प्रीमियर लीगमध्ये परतायला २०२५ साल उजाडले. लीड्सला परतायला सोळा वर्षे लागली, आणि दोनदा युरोपचे विजेतेपद मिळवलेल्या नॉटिंगहॅम फॉरेस्टला तेवीस. लूटन टाउन २०२४ मध्ये प्रीमियर लीगमधून आणि २०२५ मध्ये चॅम्पियनशिपमधूनही खाली गेले.

मग खाली जाणे चांगले ही समजूत टिकते कशी? परत आलेल्यांच्या कथा सांगितल्या जातात म्हणून. मँचेस्टर युनायटेड १९७४ मध्ये खाली गेले, एका वर्षात वर आले आणि १९७७ मध्ये एफए कप जिंकले. ही गोष्ट इंग्लंडमधला कुठलाही वयस्कर चाहता आपणहून सांगेल. तळाशी रुतून बसलेल्यांच्या कथा एवढ्या हौसेने कोण सांगणार? शिवाय या हिशेबात एक खर्च चाहत्यांच्या वहीत येतच नाही. उत्पन्न घटले की क्लब कार्यालयातली, दुकानातली, खानपानातली माणसे कमी करतो. खेळाडूला दुसरा क्लब मिळतो, पण तिकीटखिडकीवर वीस वर्षे बसलेल्या बाईंना मिळेलच असे नाही. मला विचाराल तर फायदे मोजताना हा खर्च आधी मांडायला हवा.

वर जाण्याची वाट उघडी असेल तरच खाली जाण्यात काही राम आहे, हे आपल्या गोव्यानेही पाहिले. भारतातली सर्वोच्च लीग पाच वेळा जिंकलेला डेंपो क्लब २०१५ मध्ये, तेव्हा सर्वोच्च असलेल्या आय-लीगमधून खाली गेला. खचून न जाता २०१६ मध्ये दुसरी श्रेणी जिंकून त्याने परतीचा हक्कही मिळवला. पण तोवर देशाच्या फुटबॉलची मांडणी इंडियन सुपर लीगभोवती होऊ लागली होती आणि त्या लीगमध्ये खेळून वर चढण्याची सोय नव्हती. त्याच वर्षी साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दे गोवा यांच्याप्रमाणे डेंपोनेही आय-लीगमधून अंग काढून घेतले. आय-लीगमध्ये हा क्लब पुन्हा दिसला तो २०२४-२५ मध्ये.

तेव्हा भाच्याचे संघावरचे प्रेम आटलेले नाही, याबद्दल निश्चिंत असा. पुढचा फोन कराल तेव्हा त्याला एवढेच विचारा, की संघ खाली गेला तर मॅनेजर राहणार आहे का, आणि खेळाडूंच्या करारात पगारकपातीची अट आहे का. दोन्हींचे उत्तर 'हो' आले तर त्याच्या हिशेबात दम आहे. 'नाही' आले तर उरलेले सामने संघाने जिंकावेत म्हणून तुम्हीही चिपळूणहून देव पाण्यात घाला.