सुक्कोत : सुगीची खोप

ज्यू लोकांच्या 'सुक्कोत'ला मराठी बायबलात 'मांडवांचा सण' म्हटले आहे. पण हा मांडव लग्नाचा नव्हे, आमच्या रानातल्या राखणीच्या खोपीसारखा. शरदातील पौर्णिमेच्या सुमारास तो घालतात. 'निर्गम' ग्रंथात हा सण शेतातील उत्पन्न गोळा करण्याचा आहे. 'लेवीय' मात्र मिसरमधून सुटलेले पूर्वज मांडवांत राहिले, त्याची आठवण सांगतो. मला सुगीचेच मूळ अधिक जुने वाटते. सन ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर पाडले, पुढे ज्यू देशोदेशी पांगले. बहुतेकांचे शेत सुटले, तरी खोप आज शहरातल्या गच्चीवरही उभी राहते. छप्पर फांद्यापानांचे हवे, आत उन्हापेक्षा सावली अधिक हवी. सात दिवस जेवण तिथेच. पाऊस आला तर? ताटातली लापशी बिघडू लागली की घरात जावे, असे 'मिश्ना' हा ग्रंथ सांगतो. हा नियम करणारा स्वतः खोपीत भिजलेला असणार!