स्पॅनिश क्रियापदांतील अक्षरविभाग आणि आघात

मराठीत आघाताची जागा हलली म्हणून शब्दाचा अर्थ पालटत नाही. त्यामुळे स्पॅनिश शिकणारा मराठी भाषक आघाताला उच्चाराचा अलंकार समजून बाजूला ठेवतो. क्रियापदांच्या बाबतीत ही उपेक्षा महाग पडते. 'आब्लो' या रूपात पहिल्या अक्षरावर आघात असल्यास अर्थ 'मी बोलतो' असा, आणि दुसऱ्यावर असल्यास 'तो बोलला' किंवा 'ती बोलली' असा होतो. स्पॅनिशमध्ये कर्त्याचे सर्वनाम बहुधा गाळले जाते. म्हणजे पुरुष आणि काळ या दोहोंचा भार आघातावरच पडतो. मूळ लेखनात भूतकाळी रूपाच्या अन्त्य स्वरावर तिरपी रेघ असते. देवनागरी लिप्यंतरात नेमकी तीच गळते आणि दोन्ही रूपे एक होऊन जातात.

आघाताची जागा शोधण्यापूर्वी अक्षरे पाडावी लागतात. येथे अक्षर म्हणजे उच्चाराचा घटक, लिपीतील नव्हे. 'कान्तार' (गाणे) याचे विभाग 'कान्-तार' असे होतात, परंतु 'आब्लार' (बोलणे) यातील 'ब्ल' फुटत नाही: 'आ-ब्लार'. जोडाक्षरापूर्वीचे अक्षर गुरू मानण्याची सवय पहिल्या ठिकाणी उपयोगी पडते, दुसऱ्या ठिकाणी फसविते.

शब्दाच्या शेवटी स्वर, 'न' किंवा 'स' असल्यास आघात उपान्त्य अक्षरावर, इतर व्यंजन असल्यास अन्त्य अक्षरावर. अपवाद रेघेने दाखवितात. हा नियम सोपा आहे. खरी अडचण 'इ' आणि 'उ' या दुर्बल स्वरांची. आघात नसेल तर ते शेजारच्या सबल स्वरात मिसळतात, आघात आला की वेगळे अक्षर होतात. 'कोन्-ति-नुओ' यात 'ति'वर आघात असता 'सततचा' हे विशेषण होते. 'नुओ'वर असता 'त्याने चालू ठेवले'. 'मी चालू ठेवतो' या अर्थी मात्र 'कोन्-ति-नु-ओ' अशी चार अक्षरे होऊन आघात 'नु'वर येतो. कोणते क्रियापद असे फुटेल हे मूळ रूपावरून कळत नाही. 'कांबिआर' (बदलणे) याचे 'कां-बिओ' होते, 'एन्बिआर' (पाठविणे) याचे 'एन्-बि-ओ'. येथे कोशाला शरण जाण्यावाचून गत्यंतर नाही.

2010 साली स्पॅनिश अकादमीच्या लेखननियमांनी यात आणखी एक भर घातली. 'गिआर' (मार्ग दाखविणे) याचे 'त्याने मार्ग दाखविला' या अर्थाचे रूप, कित्येक भाषक ते दोन अक्षरांत उच्चारीत असले तरी, लेखनापुरते एकाक्षरी ठरले आणि त्यावरील रेघ गेली. 'मी मार्ग दाखवितो' या रूपातील 'गि'वरची रेघ राहिली. म्हणजे 'आब्लो'च्या नेमके उलट, येथे रेघ वर्तमानकाळाची खूण आहे. त्यापूर्वीच्या पुस्तकांत दोन्ही रूपे बहुधा सरेघ आढळतात, आणि तेथे अनुवादकाने रेघ कोणत्या स्वरावर आहे हे पाहावे लागते.