माहितीसंग्रहातील अडलेली जागा

खतावणीतील एखादी नोंद खोडली, तरी तिने व्यापलेली ओळ मोकळी होत नाही. संगणकावरील माहितीसंग्रहातही पुष्कळदा असेच घडते. १९७० साली एडगर कॉड यांनी मांडलेल्या संबंधात्मक पद्धतीत माहिती तक्त्यांच्या रूपाने मांडली जाते. मात्र हे तक्ते डिस्कवर कसे साठवावेत, हे प्रत्येक प्रणाली आपल्या परीने ठरविते. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८६ साली सुरू झालेल्या प्रकल्पातून विकसित झालेल्या ‘पोस्टग्रेसक्यूएल’ या प्रणालीचे उदाहरण आपण घेऊ.

या प्रणालीत तक्ता सामान्यतः ८ किलोबाइटांच्या पानांत विभागलेला असतो. एखाद्या ओळीत बदल केला, की जुनी ओळ तशीच ठेवून तिची नवी आवृत्ती लिहिली जाते. वगळलेल्या ओळीवर तर केवळ खूण केली जाते. त्याच वेळी दुसरा कोणी ती ओळ वाचत असल्यास त्याच्या कामात व्यत्यय येऊ नये, हा यामागील हेतू होय. परंतु या सोयीचे मोल द्यावे लागते. कोणालाही नको असलेल्या मृत ओळी साचत जातात आणि तक्ता फुगतो.

यावरील पहिला उपाय म्हणजे ‘व्हॅक्यूम’, अर्थात झाडलोट. मृत ओळींची जागा नव्या ओळींसाठी उपलब्ध आहे, अशी नोंद तीत होते. तक्त्याच्या अखेरची पाने रिकामी झाली असतील तर तेवढी डिस्कला परत मिळू शकतात. एरवी फाइलचा आकार कमी होत नाही. तो कमी करण्यासाठी ‘व्हॅक्यूम फुल’ वापरावे लागते. त्यात सर्व तक्ता नव्याने लिहिला जातो. तोपर्यंत त्यातील वाचन व लेखन दोन्ही थांबतात, शिवाय नव्या प्रतीसाठी वेगळी जागा लागते. म्हणून डिस्क काठोकाठ भरल्यावर हा उपाय आठवला, तर तो योजण्यापुरतीही जागा बहुधा शिल्लक नसते.

२००८ सालच्या ८.३ या आवृत्तीपासून ही साधी झाडलोट मुळातच आपोआप होत असते. तथापि, एकच व्यवहार तासन्‌तास अपुरा राहिला, तरी त्याला दिसू शकणाऱ्या जुन्या ओळी हलविता येत नाहीत. तेव्हा जागा का वाढते आहे, असा प्रश्न पडल्यास प्रथम असे रेंगाळलेले व्यवहार शोधावेत, नंतर झाडलोट नियमित होते की नाही ते पाहावे आणि पुनर्लेखनाचा उपाय सर्वांत शेवटी योजावा.