तीन किलोमीटरचा बोअर

प्रश्न : कोयनेच्या पट्ट्यात शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटर खोल बोअर मारला म्हणतात. आमच्याकडं आधीच अधूनमधून भांडी वाजतात. त्यात आणखी जमीन टोकरायची कशाला? असल्या संशोधनावर सरकारनं बंदी घालायला नको का?
– एक वाचक, पाटण

उत्तर : ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे ६.३ तीव्रतेच्या धक्क्यानं कोयनानगर कोसळलं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. ज्या घरांनी ती पहाट पाहिली, त्यांच्या भीतीला मी अडाणीपणा म्हणणार नाही. पण तुमच्या खोऱ्यातला सगळ्यात मोठा प्रयोग बोअर नव्हे, धरण आहे. १९६२च्या सुमारास कोयना धरणाचा शिवाजीसागर जलाशय भरू लागला आणि धक्के जाणवायला लागले. पुढे १९८५पासून शिराळा तालुक्यात चांदोलीला वारणेचं पाणी साठू लागलं, १९९३पासून त्या बाजूलाही जमीन हलू लागली. या कामांना कोणी ‘संशोधन’ म्हटलं नव्हतं, त्यामुळे असली बंदीची चर्चाही झाली नाही.

आता बोअर. तुम्ही म्हणता तो तीन किलोमीटरचा बोअर गोठणे गावात डिसेंबर २०१६ ते जून २०१७ या काळात झाला. त्याआधी याच पट्ट्यात सुमारे दीड किलोमीटरपर्यंतचे नऊ बोअर झाले होते. त्यांतून निघालेला दगड कराडजवळ हजारमाचीला भूविज्ञान मंत्रालयाच्या प्रयोगशाळेत जपून ठेवलाय. उसाच्या कांड्या ओळीनं मांडाव्यात तशा गोल कांड्या. आधी आपला ओळखीचा काळा कातळ, मधूनच पांढऱ्या खनिजाचे ठिपके. त्यांतल्या रासाटी गावच्या बोअरमध्ये हा कातळ ९३३ मीटरवर संपतो आणि थेट ग्रॅनाइटच्या जातीचा, कितीतरी जुना खडक लागतो. मध्ये गाळाचा थरच नाही. गोठण्यात तोच कातळ १२४७ मीटर जाड निघाला. धक्के उगम पावतात ते याच्याही खाली, त्या जुन्या खडकात. वरून कान लावून तिथलं किती ऐकू येणार?

नुसत्या बोअरनं मोठा भूकंप होईल का? शेकडो कोटी घनमीटर पाण्यापुढे वीतभर रुंदीचं भोक ते काय! धोका खरा असतो तो खोल खडकात दाबानं पाणी घुसवण्यात. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात जमिनीखालच्या उष्णतेवर वीज करण्यासाठी २००६ साली तसं केलं, ३.४चा धक्का बसला आणि पुढे प्रकल्पच गुंडाळावा लागला. दक्षिण कोरियात पोहांगला २०१७ साली साडेपाचच्या आसपासचा भूकंप झाला. तोही अशाच कामामुळे घडला, असं त्यांच्याच सरकारनं नेमलेल्या समितीनं सांगितलं. अशा कामावर सरकारनं लगाम घातलाच पाहिजे, तिथे मी तुमच्या बाजूला आहे.

सरसकट बंदीला मात्र माझा विरोध आहे, आणि त्याचं कारण तुमच्याच खोऱ्यात सापडतं. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतल्या हर्ष गुप्तांनी कोयनेच्या नोंदी वर्षानुवर्षं तपासल्या. जलाशयाची पातळी आठवड्याला १२ मीटरहून जास्त वेगानं चढली, की मोठ्या धक्क्याची शक्यता वाढते, असं त्यांना दिसलं. म्हणजे धरण भरणाऱ्या सरकारी खात्याचाच हात धरण्याचं साधन संशोधनानं दिलं. हे संशोधन बंद केलं तर पाणी सोडणाऱ्याला आणि अडवणाऱ्याला जाब कशाच्या जोरावर विचारणार?

कोयनेत याहून खोल, सहा किलोमीटरपर्यंतच्या बोअरचाही विचार झालेला आहे. यंत्रं पुन्हा आली, तर ग्रामसभेत तीन गोष्टी विचारा आणि उत्तरं लेखी घ्या. खडकात पाणी दाबणार आहात का? किती दाबानं? आणि धक्के वाढले, तर पंप बंद करायचा अधिकार कोणाच्या हातात असेल?