दंतक्षय : धोका कोणास अधिक?

खंडेराव मार्केटची भव्य इमारत श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली उभारली. तिच्या आसपासच्या पेढ्यांवर व्यवहार म्हटला की गिऱ्हाईक, आडत्या, हमाल, पाहुणा या प्रत्येकाबरोबर अर्धा कप गोड चहा आलाच. त्यावर चिमूटभर मुखवास. दंतक्षयाचा विचार आम्ही येथूनच सुरू करितो. एकूण साखर किती खाल्ली याहून ती दिवसातून किती वेळा तोंडात गेली, यास अधिक महत्त्व आहे.

दातांवरील जंतू साखरेचे आम्ल करितात. आम्लमान ५.५ च्या सुमारास खाली उतरले की दाताचे कवच विरघळू लागते. लाळ ही हानी भरून काढते. परंतु त्यास अर्धा तास वा अधिक अवधी लागतो. सहा वेळा चहा घेणाऱ्याच्या खाती रोज तीन तासांची झीज नावे पडते, हा हिशेब व्यापाऱ्यास निराळा समजावून सांगावयास नको. स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथे १९४५ नंतर झालेल्या प्रयोगांतही जेवणाबरोबरच्या साखरेपेक्षा मधल्या वेळच्या चिकट मिठाईनेच दात अधिक किडले. ते प्रयोग संमती देऊ न शकणाऱ्या बौद्धिकदृष्ट्या अपंग रुग्णांवर केले गेले, हे अहिंसेच्या उपासकांस खटकल्यावाचून राहणार नाही.

ज्यांची लाळच आटली, त्यांस धोका सर्वांत मोठा. रक्तदाब, नैराश्य वा ॲलर्जी यांवरील काही औषधांनी तोंड कोरडे पडते, मधुमेहातही पडते. वृद्धांच्या हिरड्या खाली सरकून दातांची मुळे उघडी पडतात, आणि मुळे कवचाहून सौम्य आम्लानेही विरघळतात. मुखाच्या कर्करोगावर किरणोपचार घेतलेल्यांची स्थिती तर फारच नाजूक असते. उपचारानंतर दात काढावा लागल्यास जबड्याचे हाड न भरून येण्याचे भय असते. म्हणून उपचार सुरू होण्यापूर्वीच दंतवैद्यास दाखवून घ्यावे.

आपल्या आचारात येथे एक मोठी सोय आहे. झोपेत लाळ अगदी कमी होते. चौविहार पाळणाऱ्याच्या तोंडात रात्री काही जातच नाही. मात्र सूर्यास्तापूर्वीचे जेवण उरकून तसेच पच्चक्खाण घेतले, तर अन्नकण सकाळच्या नवकारशीपर्यंत दातांतच राहतात. म्हणून जेवण दहा मिनिटे आधी आटोपून दात घासूनच पच्चक्खाण घ्यावे. वर्षीतप करणाऱ्यांनी पारण्याच्या दिवशीही हाच क्रम ठेवावा. तोंड कोरडे पडणाऱ्यांनी तपापूर्वी वैद्याचा सल्ला घ्यावा, हे आम्ही आग्रहाने सांगतो.

घासण्यास फ्लोराइडयुक्त पेस्ट घ्यावी. दशलक्ष भागांत १००० ते १५०० भाग हे तिचे नेहमीचे प्रमाण. हिरवे चिन्ह असलेल्या पेस्टही मिळतात. घासल्यावर थुंकावे, पण भरपूर पाण्याने खळखळून चूळ भरू नये. नाहीतर औषधच धुऊन जाते. अधिक धोका असलेल्यांस दंतवैद्य ५००० भागांची पेस्ट लिहून देतात, किंवा दर तीन ते सहा महिन्यांनी दातांवर फ्लोराइडचा लेप लावतात. कोळसा वा राखुंडीने दात झिजतात. गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळास निजविणे तर त्याहून वाईट.

तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी, सहापर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. ज्यांची मूळ घरे मेहसाण्याकडे आहेत, त्यांनी तेथील कूपनलिकेचे पाणी आधी तपासून घ्यावे. त्या भागात अनेक ठिकाणी भूजलातच फ्लोराइड प्रमाणाबाहेर आहे, आणि तेथे वाढणाऱ्या मुलांच्या दातांवर डाग पडतात.